"मग अर्ज करायचा!"

पुण्या-मुंबईकडच्या आमच्या भाचे-पुतण्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो. "काका, रानडुकरं पीक खातात म्हणून लोक तारेत करंट कशाला सोडतात? कायद्यानं परवानगी मिळते ना? मग अर्ज करायचा!" वाचकहो, या "मग अर्ज करायचा"शीच माझे भांडण आहे.

आधी कायदा पाहू. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात पूर्वी शिकारीचे परवाने मिळत, ते १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाले. चांगलेच झाले. हौसेखातर जीव घ्यायचा परवाना कुणालाच नको. मात्र कलम ११ ने एक दार किलकिले ठेवले. रानडुक्कर किंवा रोही उभ्या पिकाला धोकादायक झाले, तर वनखात्याचा अधिकार असलेला अधिकारी ते मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. काळवीट पहिल्या अनुसूचीत, त्यामुळे त्याने सगळे रान फस्त केले तरी पिकाच्या कारणाने परवानगी नाही.

आता आमच्या तलवाड्याचा दोन एकरवाला शेतकरी घ्या. समजा, खेटे घालून त्याला कागद मिळाला. पुढे काय? बंदुकीला १९५९ च्या शस्त्र कायद्याचा परवाना वेगळा, त्याचे ऑफिस वेगळे. ज्याच्या घरात बंदूक नाही, ज्याने ती कधी हातात धरली नाही, त्याने तो कागद काय डुकराला वाचून दाखवायचा?

ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या पारध्यांच्या हातात होती. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अशा कितीतरी जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, संशय गेला नाही. साहेबाने बंदुकीने मारले तर तो शिकारी, पारध्याने फासे लावले तर तो चोर! परवाना पहिल्यापासून ज्याच्या पदरी कारकून त्याचाच.

तारेत करंट सोडणे गुन्हाच आहे, त्याची बाजू मी घेणार नाही. रात्री दारे धरायला गेलेला शेजारी आणि डुक्कर यांतला फरक तारेला कळत नाही. पण ज्या परवानगीचा उपयोगच होत नाही, ती माणसाला त्या तारेकडेच ढकलते.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. परवानगी खात्याची, तर बंदूक आणि शिकलेला नेमबाजही खात्याचाच हवा. ते जमत नसेल तर पंचनामा वेळेवर करा आणि भरपाई पुढच्या पेरणीआधी हातात द्या. कुणी म्हणेल, अशाने जनावरे संपतील. उलट आहे! नेमबाजाला पिलांची मादी ओळखता येते, मोजून थांबता येते. तार आणि विष थांबत नाहीत. त्यांत काळवीटही मरते.

असो. अर्ज कसा लिहावा हे आयुष्यभर शिकवले. मायना, विषय, खाली "आपला विश्वासू". विश्वास ठेवणाऱ्याच्या बाजूचे सगळे त्यात होते. ज्याच्यावर ठेवायचा त्याने काय करावे, हा धडा मात्र कुठल्याच इयत्तेला नव्हता.