सतराव्या वर्षीच्या बाळंतिणीने जायचं कुठे?

पुण्यात १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अडचणीत सापडलेल्या विधवेने इथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल सोबत न्यावं किंवा इथेच ठेवावं. मर्जी तिची, असा त्यांचा शब्द होता. काशीबाई नावाची विधवा इथेच बाळंत झाली. तिच्या यशवंतला फुल्यांनी दत्तक घेतलं आणि पुढे तो डॉक्टर झाला.

आज घोडं अडतं ते वयापाशी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. देशाचा आकडा ६.८. स्वतःला पुढारलेलं म्हणवणाऱ्या राज्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. बीड-परभणीत तर विशीतल्या चाळीस टक्क्यांहून अधिक बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. इथून लोक ऊसतोडीला जातात; त्या कामाला नवरा-बायकोची जोडी लागते, तिलाच ‘कोयता’ म्हणतात. आईबाप फडावर निघाले की वयात आलेल्या पोरीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हा घोर तिचं लग्न लावूनच मिटवला जातो.

तिला नवऱ्याने टाकलं आणि माहेरानेही दार लावून घेतलं, तर? संकटातल्या स्त्रियांसाठीच्या सरकारी शक्ती सदनात अठरा पूर्ण झालेली स्त्री मुलांसह राहू शकते. सतरा वर्षांची मुलगी मात्र कायद्याने बालक, म्हणून तिची वाट बालगृहाकडे जाते. बालगृहाची घडी शाळकरी मुलींसाठी बसवलेली. तान्ह्या बाळाची सोय शिशुगृहात. अंगावर पाजणाऱ्या आईचं काय, याचं उत्तर दोन्हीकडे नीट मिळत नाही.

केंद्राने २०२३ मध्ये निर्भया निधीतून ७४.१० कोटींची योजना आणली. बाललैंगिक अत्याचाराच्या (पॉक्सो) गुन्ह्यातली पीडित मुलगी गरोदर असेल, तर तिला निवारा आणि आधार मिळावा हा योजनेचा हेतू. पाऊल योग्यच आहे. पण खाट आणि दोन वेळचं जेवण म्हणजे घर नव्हे. आई-बाळ एकाच खोलीत हवीत, शेजारी पाळणाघर हवं, म्हणजे तिला दहावीच्या पेपरला बसता येईल. बाळंतिणीला सव्वा महिना जपायची आपली रीत; या मुलींना निदान बारावी होईपर्यंत जपायला हवं.

सरकारने सुरुवात बीड-परभणीपासून करावी. कोयते दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. आई-बाळांची ही घरं त्याआधी उघडलेली हवीत.