‘पंधराशेला विकल्या गेल्या’ म्हणणाऱ्यांना

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला. महायुती २३० जागांवर गेली आणि संध्याकाळपर्यंत आपल्याच ग्रुपांवर एक वाक्य फिरू लागलं : बाया पंधराशेला विकल्या गेल्या. लिहिणारे शिकलेले होते, चळवळीतले होते, शेवटी ‘जयभीम’ घालणारे होते. आजही हे वाक्य ऐकू येतं, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

त्याच वर्षीची लोकसभा आठवा. संविधान बदलतील या धास्तीनं याच बाया एप्रिल-मेच्या उन्हात रांगेत उभ्या राहिल्या. महायुती राज्यात १७ जागांवर अडली. तेव्हा आपण त्याला जागृती म्हटलं. धास्ती ही भावना नव्हती का? निकाल मनासारखा लागला की बाई जागरूक, नाही लागला की भावनिक आणि भोळी, हा कुठला न्याय?

आणि पुरुषांचं काय? जातीचा अभिमान, नेत्याच्या बॅनरवरून होणारी डोकेफोड, आदल्या रात्रीचं मटण आणि बाटली, ‘बटेंगे तो कटेंगे’ ऐकून चढलेला आवेश, हे सगळं थंड डोक्यानं केलेलं राजकारण समजायचं? पुरुष चिडून मत देतो तेव्हा त्याला ‘लाट’ म्हणतात. ‘भावना’ हा शब्द तेवढा बाईसाठी राखून ठेवलेला.

आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो. धुणीभांडी करणारी बाई पंधराशेचा हिशेब बोटांवर सांगते : सिलिंडर, बचतगटाचा हप्ता, पोराच्या वह्या. पैसे तिच्या खात्यावर येतात, नवऱ्याच्या नाही, हे ती आवर्जून सांगते. विकायचंच असतं तर महाविकास आघाडीनं तीन हजार कबूल केले होतेच की! वायद्यापेक्षा हातात आलेल्या पैशावर तिनं विश्वास ठेवला. पटो न पटो, हा व्यवहार आहे. तोही सगळ्याच बायांनी केला असं नाही.

भावनेचा खेळ आहे तो योजनेच्या नावात. पहिले हप्ते ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेच्या तोंडावर आले. सरकार भाऊ झालं आणि पैसा ओवाळणी. ओवाळणीचा हिशेब बहीण मागत नसते, मागितला तर वाईट दिसतं! बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात लेकीला ओवाळणी नव्हे, वाटा मागितला होता. ते बिल रखडवलं म्हणून १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. त्याच काळात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या यादीतून सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं गळाली होती, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं होतं. सत्तर वर्षांनी पुन्हा ती कुणाची तरी बहीणच. मतदार म्हणून तिला कोण हाक मारतंय?

वाटा मागायची जागा कुठे आहे, तेही सांगतो. २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचा कोट्यवधींचा निधी याच योजनेकडे वळवला गेला. खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. तिच्याच पोरांची शिष्यवृत्ती आणि वसतिगृहं याच विभागातून चालतात. म्हणजे एका हातानं आईच्या खात्यावर टाकायचं आणि दुसऱ्या हातानं लेकीच्या वसतिगृहातून काढायचं. ही गोष्ट तिच्यासमोर नीट मांडली, तर तिला समजावून सांगायची गरजच पडणार नाही. घरखर्चाची वही तीच सांभाळते.

पण मांडणार कोण? विहारातल्या बैठकीत बाया सतरंजीवर मागे बसतात, खीर वाढतात, गाणी म्हणतात. कुणाला पाठिंबा द्यायचा हे पुढच्या खुर्च्यांवरचे ठरवतात आणि निकालानंतर दोष मात्र मागच्या रांगेला देतात. निधी वळवल्याचा शासन निर्णय छापून किती जणांनी महिला मंडळात वाचून दाखवला? दोन पानांचं काम होतं.