पोरांनी राजकारणात पडू नये, असे म्हणणारे कोण?



नांदेडात जा, लातुरात जा, कॉलेजच्या फाटकापासून घरच्या चुलीपर्यंत एकच उपदेश ऐकू येतो: "पोरांनो, अभ्यास करा, राजकारणात पडू नका." उस्मानशाही मिलच्या भोंग्यावर ज्यांची हयात गेली, त्यांची नातवंडे आज कॉलेजात आहेत. लातूरला तर मार्कांचा बाजारच भरला आहे. आईबाप पोटाला चिमटा घेऊन फी भरतात. त्यांची काळजी खरी आहे. पण हा उपदेश कोणाच्या सोयीचा आहे?

मालक आम्हाला काय सांगतो? "काम करा, युनियनच्या भानगडीत पडू नका." आणि सांगणारा स्वतः मालकांच्या संघटनेत बसलेला असतो! इथंही तीच गत. पुढाऱ्याचं पोरगं मिसरूड फुटायच्या आत पक्षाचं पद घेतं, त्याला कोणी "अभ्यास कर" म्हणत नाही. आमच्या पोरानं मात्र मान खाली घालायची, नाहीतर सभेच्या सतरंज्या उचलायच्या.

आम्ही विचारतो, पोरगं राजकारणापासून दूर राहीलही, पण राजकारण पोरापासून दूर राहतं का? निजामाच्या राज्यात मराठी मुलाला वरचे शिक्षण उर्दूतून घ्यावे लागे. उर्दूशी आमचे वैर नाही. उर्दू बोलणारा भाऊ आमच्या शेजारच्या साच्यावर उभा असतो. वैर आहे ते लोकांना न विचारता ठरवणाऱ्याशी. परवानगीवाचून सभा घ्यायची नाही, असा गश्ती निशाण 53 चा हुकूम होता. 1938 साली उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात पोरांनी वंदे मातरम् म्हटले, तेव्हा त्यांना काढून टाकले. नागपूर विद्यापीठाने त्यांना जवळ केले. त्यांच्यातले पी. व्ही. नरसिंह राव 1991 साली देशाचे पंतप्रधान झाले. कुठे बुडाले त्यांचे शिक्षण?

स्वामी रामानंद तीर्थ आधी ना. म. जोशींच्या हाताखाली कामगारांत राबले, मग आमच्या मराठवाड्यात शाळामास्तर झाले आणि शेवटी निजामाच्या तुरुंगात गेले. कामगार, शाळा आणि राज्य हे तीन वेगळे प्रश्न आहेत, असे त्यांना कधी वाटले नाही. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद मुक्त झाले. 1950 साली नांदेडात पीपल्स कॉलेज निघाले. आधी लढा झाला, मग कॉलेज आले. हा क्रम विसरू नका.

1956 साली हैदराबाद राज्य मोडले. बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडे आले. भालकी, औराद तिकडे गेले. नकाशावर एक रेघ ओढली आणि कोणते पोर कोणत्या भाषेत शिकणार ते ठरून गेले. त्या पोरांना कोणी विचारले? 1955-56 साली मुंबईत गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा रस्त्यावर गिरणीवाला होता तसा विद्यार्थीही होता. शंभरावर माणसे पडली, म्हणून 1 मे 1960 ला हे राज्य मिळाले.

कोणी म्हणेल, पोरं राजकारणात जाऊन गुंड होतात. ऐका. 1978 साली विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव झाला, तेव्हा याच मराठवाड्यात दलित भावांची घरे जळाली. नामांतराला विरोध करणाऱ्यांत शिकली-सवरलेली पोरेही होती. ही आमच्या मातीला लागलेली काळोखी आहे. पण ती कशाने लागली? पोरांना विचार करायला शिकवले नाही, म्हणून ती दुसऱ्याच्या हातातली काठी झाली. नामांतरासाठी सोळा वर्षे लढणाऱ्यांतही विद्यार्थी होते. त्यांनी 14 जानेवारी 1994 चा दिवस आणला. दोघेही राजकारणातच होते. एकाला समज होती, दुसऱ्याला नव्हती, एवढाच फरक.

कॉलेजच्या निवडणुकीत खून पडला, म्हणून 1994 च्या कायद्याने पोरांचे थेट मतदानच बंद केले. साच्यावर धागा तुटला तर आम्ही गाठ मारतो, गिरणीला कुलूप लावत नाही! 2016 च्या कायद्याने ती निवडणूक पुन्हा कागदावर आणली. 2019 साली ती घ्यायची ठरली आणि पुढे ढकलली गेली. मताला भिते कोण, तुम्हीच ओळखा.

म्हणून आमचे सांगणे असे. पोराला पुढाऱ्याच्या मोटारीमागे पाठवू नका. दगड घ्यायला तर मुळीच पाठवू नका. त्याला ग्रामसभेत उभे करा. वसतिगृहाच्या जेवणाचा आणि फीच्या पैशाचा हिशेब मागायला शिकवा. पगाराची चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवा आणि कपात कशाची झाली ते त्याच्याकडून वाचून घ्या. 1989 पासून अठराव्या वर्षी मत आहे. अठरा भरले की पहिल्या काही दिवसांतच यादीत नाव घाला. मार्क मिळवायचेच आहेत, भरपूर मिळवू द्या. पण मार्कांनी नोकरी मिळेल. नोकरीत न्याय मिळायचा तो संघटनेनेच.

शिकलेला पण मुका पोरगा मालकाला फार आवडतो. तसला पोरगा आम्ही घडवणार नाही!

जय महाराष्ट्र! कामगार-विद्यार्थी एकजुटीचा विजय असो!