वीतभर मिग

काळेवाडीत आमच्या इमारतीत राहणाऱ्या एका काकांच्या शोकेसमध्ये मिग-21 ची धातूची प्रतिकृती ठेवलेली आहे. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगड येथे हे विमान वायुदलातून निवृत्त झाले, त्या निमित्ताने त्यांच्या मुलाने ती मागवली. मी पाहायला गेलो तेव्हा मुलगा शेपटीवरील क्रमांक, स्क्वॉड्रनचे बोधचिन्ह, पंखांखालची क्षेपणास्त्रे दाखवीत होता. काकांनी उमेदीची सगळी वर्षे भोसरीच्या एका लहान डाय-कास्टिंग वर्कशॉपमध्ये काढलेली. त्यांनी विमान उचलले, सरळ पालथे केले, पोटावरून अंगठ्याचे नख फिरवले आणि म्हणाले, "पार्टिंग लाइन चांगली घासलीय. फेटलिंगवाल्याचा हात बरा आहे."

साच्याच्या दोन अर्ध्या भागांचा सांधा जिथे येतो तिथे सुट्या भागावर एक बारीक रेघ उमटते. ती घासून नाहीशी करणे हे एका माणसाचे काम असते, आणि ते उत्तम झाले म्हणजे तो माणूसही नाहीसा होतो. एकाच वस्तूची ही दोन वाचने मला आमच्या वर्गातल्या कित्येक चर्चांपेक्षा बोलकी वाटली.

लेवी-स्ट्राऊस यांनी 1962 च्या आपल्या ग्रंथात लघुप्रतिकृतीविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे: मोठी वस्तू आपण भागाभागाने समजून घेतो, लहान केलेली वस्तू मात्र आधी समग्र दिसते. आनंद आहे तो यातच. हे मान्य करूनही प्रश्न उरतो, की समग्र म्हणजे काय? या प्रतिकृतीचे प्रमाण 1:72, म्हणजे सहा फुटांचा एक इंच. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार 7.15 मीटर, तो इथे जेमतेम दहा सेंटीमीटर होतो. पाच फूट नऊ इंचांचा वैमानिक इंचभरही भरत नाही. काही प्रतिकृतींत तर तो काढता-घालता येतो. लांबी-रुंदी असलेले सारे काही प्रमाणात बसते. ज्याला लांबी-रुंदी नाही, त्याचे काय करायचे?

1963 मध्ये वायुदलात आलेले हे विमान पुढे आपल्या निफाड तालुक्यातील ओझरच्या कारखान्यात बांधले गेले. 2012 मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलेले आकडे सर्व प्रकारच्या मिग विमानांचे आहेत: 872 पैकी 482 अपघातग्रस्त, 171 वैमानिक आणि 39 नागरिक मृत्युमुखी. 17 सप्टेंबर 2001 रोजी राजस्थानात मिग-21 च्या अपघातात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी या विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यानंतर वर्षानुवर्षे लावून धरला. याच विमानाने 1971 च्या युद्धात मोठी कामगिरी केली, हेही तितकेच खरे. शोकेसमध्ये कामगिरीला जागा आहे, बोधचिन्ह आहेच. त्या आईच्या प्रश्नाला तिथे जागा नाही.

खेळण्याकडून एवढी अपेक्षा कशाला, असे कोणी विचारील. पण संग्राह्य प्रतिकृती स्वतःला खेळणे म्हणवून घेतच नाही. तिच्या खोक्यावर बहुधा चौदा वर्षांवरील व्यक्तींसाठी अशी सूचना असते, आणि तिच्या स्तुतीचा सर्वोच्च शब्द असतो 'हुबेहूब'. माझा झगडा आहे तो या शब्दाशी. वास्तववाद शिकवताना विद्यार्थी हमखास हाच शब्द वापरतात आणि आम्हीही (कबूल करायला हवे) उत्तरपत्रिकेत त्याला गुण देतो. आपल्या कथांतला कारखानाही पुष्कळदा असाच हुबेहूब असतो. भोंगा असतो, पाळी असते, डब्यातली भाकरी असते. काम मात्र नसते. जस्ताचा मिश्रधातू चारशे अंशांच्या आतच वितळतो, अॅल्युमिनियमला साडेसहाशेच्या वर जावे लागते, आणि म्हणून दोहोंची यंत्रे वेगळी आणि त्यांच्यासमोर उभे राहण्याची रीतही वेगळी, हे या पट्ट्यातल्या हजारो घरांत ठाऊक आहे. साहित्यात ते मला क्वचितच भेटले. तपशील वाढवा, एवढेच माझे म्हणणे नाही. तपशील कोणाच्या नखाने तपासलेला आहे, हे मला पाहावेसे वाटते.

बार्थ यांनी 1957 मध्ये खेळण्यांवर टीका केली होती, की ती मुलाला निर्माता नव्हे, केवळ वापरणारा बनवतात. संग्राहकाला तर वापरायचेही नसते. त्याने काचेआडून राखायचे. आपल्याकडे मात्र दिवाळीचा किल्ला असतो. तोही प्रतिकृतीच, पण प्रमाणाचा तिथे पत्ता नसतो. मावळा बुरुजाएवढा, तळ्यात प्लॅस्टिकचे बदक, आणि दिवाळी सरली की सगळी माती पुन्हा कुंडीत.

त्या दिवाळीत काकांच्या नातवाने पार्किंगमध्ये किल्ला केला आणि कोणालाही न विचारता मिग नेऊन बुरुजावर ठेवले. मुलगा संतापला, रंग जाईल, किंमत काय आहे ठाऊक आहे का, वगैरे. काका म्हणाले, "राहू दे रे भाऊबीजेपर्यंत." विमान राहिले. नंतर पाहिले तर नाकावरची बारीक नळी वाकलेली. काकांनी ती दोन बोटांत धरून पाहिली आणि निर्वाळा दिला, की एवढी नळी तेवढी धातूची नाही, प्लॅस्टिकची आहे.