लाजऱ्या पाहुण्याची खोली

रात्री साडेदहाला रे रोडहून धाकट्या बहिणीचा फोन आला. ‘‘आपा, तो पेटीत नाही!’’ एवढंच ती म्हणाली. ‘तो’ कोण, हे विचारावं लागलं नाही. महिन्यापूर्वी भाच्याने बॉल पायथनचं पिल्लू घरी आणलं होतं. कॉलेजातल्या मित्राचं कुटुंब परदेशी निघालं, म्हणून त्याने ते याच्या हवाली केलं. हातभर लांब, अंगठ्याएवढं जाड, बिनविषारी. पण चाळीत ‘साप सुटला’ एवढे दोन शब्द पुरेसे असतात. मी पोहोचले तेव्हा जिन्यात शेजारी जमले होते. एकाच्या हातात लोखंडी कांब होती. दारूखान्याच्या शेजारी राहणाऱ्यांना कांबेचा काय तोटा! बहीण तीन वर्षांच्या धाकटीला कडेवर घेऊन पलंगावर उभी. आणि एरवी मिशीला पीळ देणारा भाचा डोळे पुसत म्हणत होता, ‘‘खाला, हे लोक त्याला मारतील.’’

पहाटे तीनला पिल्लू सापडलं. फ्रिजमागे, मोटरच्या उबेला, डोकं मधोमध लपवून चेंडूसारखं गोळा झालेलं. हा साप घाबरला की असाच बसतो, त्यावरूनच त्याला ‘बॉल’ हे नाव पडलं.

दुसऱ्या दिवशी बहिणीने लेकाला बजावलं, ‘‘पेटी नीट कर, नाहीतर त्याला सांभाळणारं दुसरं घर शोध.’’ सोडून देणं हा पर्याय नव्हता. हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा. आपल्याकडे मोकळा सोडला तर बहुधा मरेल, जगला तरी इथल्या जिवांना त्रासच. म्हणून आम्ही तिघांनी बसून चुका शोधल्या. हल्ली बऱ्याच घरांतली मुलं असे हट्ट धरतात, म्हणून त्या इथे मांडते.

सर्वांत आधी कागद. नाग, धामण, अजगर, अगदी भिंतीतला कवड्यासुद्धा, म्हणजे आपल्या देशातला कुठलाही साप धरून घरात ठेवू नये; १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा ठरतो. परळच्या हाफकिन संस्थेसारख्या ठिकाणी सापाच्या विषावर काम झालं, ते परवानगीने आणि जाणत्यांच्या हातून. आपलं घर म्हणजे हाफकिन नव्हे. बॉल पायथनसारख्या परदेशी जातीची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते, आणि मालक बदलला तर तेही कळवावं लागतं. बँकॉकहून सामानात लपवून आणलेले असे साप मुंबई विमानतळावर अनेकदा पकडले गेले आहेत. तेव्हा ‘स्वस्तात मिळतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊच नये. भाच्याच्या मित्राकडे नोंद होती, पण नाव बदलायचं दोघांनीही मनावर घेतलं नव्हतं. ते काम आधी केलं.

आता पेटी. भाच्याने माशांची काचेची टाकी घेतली होती, टीव्हीशेजारी ठेवली होती आणि झाकणावर जाड पुस्तक ठेवलं होतं. सापाचं डोकं जिथून जातं तिथून अख्खा साप जातो, आणि रात्रभर ढकलत राहायला त्याला वेळच वेळ असतो. झाकणाला कडी हवी, ती रोज रात्री हाताने ओढून पाहायची. हवेची भोकं बारीक हवीत. काचेच्या तीन बाजूंना आम्ही बाहेरून काळा कागद लावला. चारही बाजूंनी उघड्यावर बसलेलं पिल्लू सतत भेदरलेलं राहतं आणि खात नाही. आमच्याही पिल्लाने तीन आठवडे तोंडाला काही लावलं नव्हतं.

आत लपायला दोन जागा लागतात, एक उबदार टोकाला, एक थंड टोकाला. एकच ठेवली तर बिचाऱ्याला ऊब आणि सुरक्षितता यांतलं एकच निवडावं लागतं. जागा ऐसपैस नको. अंगाला तिन्हीकडून भिंत लागेल एवढी तंग हवी. तोंड कापून कडा घासलेला मातीचा छोटा कुंडा पुरतो. शेजारी जड, न कलंडणारं पाण्याचं भांडं.

उबदार टोक ३१ ते ३३ अंश, थंड टोक २५ ते २७. मुंबईत मे महिन्यात पत्र्याखालची खोलीच याहून तापते, तेव्हा हीटर बंद ठेवून पेटी भिंतीच्या गार बाजूला न्यावी. जानेवारीच्या रात्री हीट मॅट लावावी, पण थर्मोस्टॅटशिवाय कधीच नाही, पोट भाजतं. पावसाळ्यात ओल धरून बुरशी येते, म्हणून अंथरूण वरचेवर बदलायचं.

अंथरूण म्हणून भाच्याने लाकूडवखारीतला फुकटचा भुसा आणला होता. तो तसाच परत पाठवला. देवदारासारख्या लाकडाचं तेल सापाच्या श्वासाला बाधतं, आणि वखारीतल्या लाकडाला कुठलं औषध मारलंय कोण जाणे. साधं वर्तमानपत्र उत्तम. खाण्याचंही तसंच. गोदामात सापडलेला उंदीर घालायचा नाही; तो विष खाऊन आलेला असू शकतो. खात्रीच्या जागेचा, गोठवलेला आणि पुरता कोमट केलेला उंदीर, सापाच्या जाड भागाएवढाच, सात ते दहा दिवसांनी एकदा. जिवंत घातला तर तोच पिल्लाला चावतो.

नव्या पेटीत ठेवल्यावर आठवडाभर हात लावायचा नाही आणि खाल्ल्यावर दोन दिवस नाही, हे भाच्याला सर्वांत जड गेलं. मित्रांना दाखवायला तो रोज काढत होता ना! हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, पेटी स्वयंपाकाच्या जागी नाही, तिची भांडी घरच्या भांड्यांत नाहीत. सापाच्या अंगावरच्या जंतूंनी लहान मुलांना जुलाब-ताप होतो, म्हणून धाकटीने हात लावायचा नाही, लांबून बघायचं.

बाराव्या दिवशी पिल्लाने खाल्लं. भाच्याने रात्री दोनला मला मेसेज केला.

शेजाऱ्यांनाही आम्ही बोलावून कडी दाखवली. पावसात वखारीतून खरोखरीचा साप आला तर कांब न उचलता लांबून नजर ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा, हेही ठरलं. कवड्या आणि विषारी मण्यार दिसायला इतके सारखे, की ओळखायच्या फंदात आपण पडूच नये.

बहिणीचा एक प्रश्न मात्र अजून तसाच आहे. हा जीव वीस-तीस वर्षं जगतो. लेकाची नोकरी दुसऱ्या गावी लागली, लग्न झालं, तर पेटीची कडी कोण बघणार? भाचा म्हणतो, ‘‘मी नेईन बरोबर.’’ मुलाने हट्ट धरला की हा प्रश्न घरात आणायच्या आधी विचारा. आम्ही नंतर विचारला.