भिंग म्हणजे ताम्हण नव्हे

आपल्या देवालयांतून उत्सवाच्या छायाचित्रणासाठी आता उत्तम कॅमेरे आले आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्या कॅमेऱ्याच्या भिंगाची जी सेवा आमचे उत्साही कार्यकर्ते करितात, ती पाहिली म्हणजे सेवा कशास म्हणावे आणि अत्याचार कशास, असा प्रश्न पडतो. पालखीपुढे गुलाल उधळला, कापराचा धूर झाला, की उपरण्याचे टोक थेट भिंगावर फिरू लागते! या प्रघाताचा आम्ही स्पष्ट निषेध करितो.

घासल्याखेरीज स्वच्छता नाही, हा संस्कार आपल्या हाडीमासी खिळला आहे. चिंचेने ताम्हण लखलखते, हे खरे. पण त्याच घासण्याने कित्येक देव्हाऱ्यांतील पितळी मूर्तींचे नाकडोळे झिजले, हेही तितकेच खरे. भिंग तर त्याहून नाजूक. काचेचा उघडा पृष्ठभाग आपणांवर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परतवितो. हा अपव्यय टाळण्यासाठी भिंगावर प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही पातळ असा लेप देतात. जर्मनीतील झाइस कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली सिद्ध केलेली ही विद्या आपण उपरण्याने पुसून टाकावी काय?

‘कापड मऊ आहे, मग अपाय कसला?’ असे कोणी विचारतील. अपाय कापड करीत नाही. कापडाखाली सापडलेला वाळूचा कण करितो. तो बहुधा गारेचा असतो, आणि गार काचेहून कठीण. म्हणून आधी भिंगाचे तोंड खाली करून रबरी फुग्याच्या फुंकणीने धूळ उडवावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे तुषार उडतात. मग मऊ ब्रश फिरवावा. एवढ्यानेही बोटाचा वा काजळीचा तेलकट डाग राहिला, तरच भिंगाच्या खास कागदावर किंवा स्वच्छ मायक्रोफायबर फडक्यावर द्रावणाचे एकदोन थेंब घेऊन मध्यापासून कडेकडे हलक्या हाताने पुसावे. थेंब भिंगावर टाकू नये; तो कडेने आत झिरपतो. एखादा धूलिकण राहिला तर राहू द्यावा; छायाचित्रात तो दिसतही नाही.

‘फिल्टर लाविला आहे, आता भय नाही’ हा दुसरा भ्रम. मळका फिल्टर दीपमाळेसमोर धरिला की ज्योतींभोवती धूसर वलये उमटलीच! त्याचीही निगा याच क्रमाने, आणि तो भिंगावरून उतरवून, राखिली पाहिजे. ओरखडला तर बदलावा. तो भिंगाहून पुष्कळ स्वस्त असतो.

पावसाळ्यात भिंग चामडी पेटीत कोंडून ठेवणे तर बुरशीस आमंत्रणच होय. पेटी ओल धरिते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ते ठेवावे.

हा क्षुल्लक विषय नव्हे. तांबड्या मातीची आणि चुन्याची कावी चित्रे गोमंतकातील कित्येक देवळांच्या भिंतींवरून जीर्णोद्धाराच्या नावाखाली नाहीशी झाली. जे गेले त्याची साक्ष आता छायाचित्रांवाचून कोण देणार? ती साक्षच धूसर निघाली, तर पुढील पिढी आम्हांस क्षमा करणार नाही. देवस्थान समित्यांनी कॅमेरा जरूर घ्यावा. पण त्याबरोबर फुंकणी, ब्रश आणि फडके घ्यावे, आणि भिंगाची जबाबदारी एकाच जाणत्या हाती सोपवावी. उपरणे खांद्यावरच शोभते.