वैमानिक व्हायचे? आधी घरचा हिशेब मांडा

बारावी सायन्सचा निकाल लागला की काही घरांत वैमानिक होण्याचा विषय निघतो. मुलगा किंवा मुलगी हुशार असते, गणित आणि भौतिकशास्त्रात गुण चांगले असतात, आणि कॅप्टनच्या पगाराचे ऐकीव आकडे तर सर्वांनाच पाठ असतात. आमच्या मते प्रश्न पगाराचा नाही. परवाना हाती आल्यावर नोकरी लागेपर्यंत घर किती वर्षे तग धरेल, हा खरा प्रश्न आहे.

व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. खर्च आज पन्नास लाखांच्या पुढेच जातो. एअरबस ३२० सारखे ठराविक विमान चालविण्याचे प्रशिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग, त्याचे पैसे बहुधा वेगळे. एवढे कर्ज बँक तारणाशिवाय देत नाही. म्हणजे राहते घर किंवा शेतजमीन गहाण!

नोकरीचा भरवसा कंपन्यांच्या तब्येतीवर. किंगफिशर २०१२ मध्ये बसली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. २०२० च्या टाळेबंदीत देशांतर्गत प्रवासी उड्डाणे दोन महिने बंद होती. अशा वेळी अनुभवी वैमानिकच नोकरी शोधू लागतात, मग २०० तासवाल्याला कोण विचारणार? २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली हे खरे. डिसेंबर २०२५ मध्ये विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर वैमानिक अपुरे पडून इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, हेही खरे. पण विमाने एकदम येत नाहीत, आणि नवशिका काही लगेच कॅप्टन होत नाही. शिवाय रिकामे बसण्याच्या काळातही इन्स्ट्रुमेंट रेटिंग जिवंत ठेवायला पैसे मोजावे लागतात.

तरीही मन पक्के असेल तर पहिला खर्च वैद्यकीय तपासणीवर करावा. फी भरून मग रंगदृष्टीचा दोष निघाला तर कोणाला दोष देणार? ही तपासणी पुढे नोकरीभर चालूच राहते. चाळिशीत हृदयविकार निघाला तर कमाई थांबू शकते, म्हणून हाताशी एखादी पदवी असावी. त्यानंतर हवामानशास्त्र, नेव्हिगेशन, नियम यांचे लेखी पेपर घरी अभ्यास करून द्यावेत. त्यांना खर्च थोडा, आणि मुलाची चिकाटी तिथेच कळते.

संस्था निवडताना रंगीत माहितीपत्रक बाजूला ठेवावे. विमानांपैकी उडण्याजोगी किती, शिक्षक किती, गेल्या महिन्यात प्रत्येक विद्यार्थ्याला किती तास मिळाले, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. आपल्याकडे पावसाळ्यात उड्डाणे रखडतात आणि दीड वर्षाचा कोर्स तीन वर्षांवर जातो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय २०२५ पासून अशा संस्थांना श्रेणी देते, तीही पाहावी. सगळी फी एकरकमी मागणाऱ्या संस्थेला सरळ नकार द्यावा. जेवढे तास उडेल तेवढेच पैसे, असे लेखी ठरवून मगच सही करावी.